गुरुवार, खोली नंबर चार

नंबर मेडिकलवाल्या प्रवीणनं दिला.
लिव्हरच्या गोळ्यांच्या पाकिटावर, पेनानं,
माझ्याकडे न बघता.
वर म्हणाला, सुटे नाहीत, दोन रुपये राहू द्या.

तीनदा फोन लावला, तीनदा कापला.
मग पलीकडूनच आला :
"बोलू नको भाऊ, नुसतं आयक.
अमळनेर. गुरुवार. साडेसातले. मराठी शायमां."

अमळनेर बरंच झालं.
चोपड्यात खांबाखांबावरून लोक मला ओळखतात,
वायरमन धुडकू :
दुपारी चढतो, संध्याकाळी पडतो.
तापीचा पूल ओलांडला की
माणूस कुणाचाच नसतो, असं मला वाटायचं.

पहिल्या गुरुवारी चुकीच्या खोलीत बसलो.
सूतगिरणी कामगारांच्या पतपेढीची सभा होती.
अहवाल मंजूर करताना मीही हात वर केला,
पेढा खाल्ला,
आणि घरी येऊन कोकिळाला सांगितलं, जाऊन आलो.

दुसऱ्या गुरुवारी समोरच्या टपरीपाशी उभा राहिलो.
चार नंबरच्या खोलीतली ट्यूब फडफडत होती.
स्टार्टर गेलाय, मनात म्हटलं.
त्या खोलीतलं तेवढंच मला कळत होतं.
येताना स्टँडच्या मागे
जे केलं ते केलं.

तिसऱ्या गुरुवारी खिशात स्टार्टर घेऊन गेलो.
दारात दुसरं काय सांगणार?
बाकावर चढलो, फिरवला, लख्ख उजेड पडला,
आणि उजेडात समोर
आमच्याच गल्लीतले आधार आप्पा,
ज्यांचं मीटर मी दोनदा कापलं होतं.
"ये भाऊ, बठ," म्हणाले,
"मी बी पूल वलांडीसनच येस."

चौथीच्या पोरांचे बाक, गुडघे हनुवटीला.
फळ्यावर सकाळच्या बाईंचं टपोरं अक्षर :
उद्या सतराचा पाढा.
केळीच्या ट्रकवरचा हिलाल सांगत होता
कोणत्या ढाब्यामागे तो कसा झोपला होता आणि पाऊस नव्हता
तरी कपडे ओले होते. कुणी हसलं नाही.
मग एक निवृत्त मास्तर हसले,
आणि मग सगळेच.

माझी पाळी. नाव सांगितलं.
पुढचा शब्द म्हणजे तेहतीस केव्हीची तार.
आमच्या कामात आधी लाइन बंद करायची,
अर्थिंग टाकायचं, मगच हात लावायचा.
इथं चालू लाइनीलाच.
लावला.
मेलो नाही. कुणीतरी चहाचा कप पुढे सरकवला,
साखर जास्त झाली होती.

कोकिळा अजूनही दार उघडते ती आधी नाकानं.

सतरा चोक अडुसष्ट.
अडुसष्टाव्या दिवशी धरणगावला साडूच्या पोराची हळद,
डीजे, स्टीलचा पेला.
थम्सअप आहे, सगळे म्हणाले.
मीही म्हणालो.

पुढचा गुरुवार मी ताप काढून घरी बसलो, थर्मामीटरशिवाय.
त्याच्या पुढच्या गुरुवारी
सहज म्हणून स्टँडवर गेलो.
अमळनेर गाडीत खिडकीपाशी आप्पा,
शेजारच्या सीटवर जागा धरलेली त्यांची टोपी.
मागल्या गुरुवारीही धरली होती म्हणे,
कंडक्टरशी भांडून.
"टोपी उचल अन् बठ."
पुलावर आम्ही बोललो ते फक्त
तापीला पाणी किती कमी झालंय त्याबद्दल.

आज किती दिवस झाले, ते कोकिळा मोजते,
कॅलेंडरवर दुधाच्या खुणांशेजारी.
मी विचारत नाही.

आप्पा लेकीकडे गेलेत, शिरपूरला.
किल्ली माझ्याकडे, पकडीच्या पिशवीत.
वैशाखातली भिंत सात वाजताही तव्यासारखी.
खिडक्या उघडल्या, स्टोव्ह पेटवला.

टपरीपाशी एकजण उभा आहे कधीचा,
हातातली सिगारेट न पेटवता,
माझ्या ट्यूबकडे बघत.
ट्यूब चांगली चालू आहे.
मी हाक मारत नाही.
पातेल्यात कपभर पाणी जास्त टाकतो.