कोरड्या डांबरावर

एप्रिलचा दुसरा आठवडा, हॅनकॉक गाव.
लिफ्टवर टांगलेल्या तुझ्या गाडीखाली उभी राहून
मी तेलाचा वास घेते.
करपलाय. दूध करपतं तसा नाही, त्याहून कडू,
नखांत आठवडाभर राहणारा.

तू विचारतोस, आइली मावशी,
किती पेलेल हिचं ऑल-व्हील-ड्राइव्ह?
तीनशे घोडे? साडेतीनशे?
कंपनीनं दिले होते एकशे सत्तर.
बाकीचे तू आणलेस, अख्खा डिसेंबर खपून:
मोठा टर्बो, इंजिनाच्या संगणकात नवी आकडेमोड,
आणि हप्ते,
जे तुझ्या आईला ठाऊक नाहीत.

थांब, कोल्टन. आधी हे धर.
दोन्ही हातांनी.
हे मागचं कपलिंग. नारळाएवढं. एवढंच.
आत पातळ चकत्या, तेलात भिजलेल्या,
एकमेकींना जेमतेम शिवत बसलेल्या.
एरवी ओढतात ती पुढची दोन चाकं,
मागची दोन माहेरपणाला आल्यासारखी
नुसती येतात बरोबर.
पुढचं चाक घसरलं की हाक पडते,
मग या चकत्या घट्ट धरतात एकमेकींना
आणि मागच्यांना कामाला उठावं लागतं.
चारही चाकं म्हणतात ते खोटं नाही.
पण हाकेपुरतं.

आकडा पुस्तकात नाही. मी पाहिलं.
कुठला बोल्ट किती आवळायचा, लिहिलंय.
तेल किती, तेही.
किती पेलेल, त्या पानावर काहीच नाही.
कुठल्यातरी खोलीत कुणीतरी तो आकडा मांडला असेल,
वर थोडी जागा सोडली असेल,
तुझी आजी सोडायची तशी, स्वेटर विणताना,
वाढत्या अंगाला.
त्या जागेत तू राहायला गेलास,
सामानसुमानासकट.

जानेवारीत तर काही झालं नाही, म्हणतोस.
कालव्याच्या गोठलेल्या पाण्यावर
चारही चाकं गरगर फिरवलीस,
बर्फाचा भुगा छपरापर्यंत उडाला,
पोरं ओरडली,
तुला वाटलं, पेललं.
नाही रे.
बर्फ धरून ठेवत नाही म्हणून मोडत नाही काही.
चाक निसटतं, सगळा जोर वाऱ्यावर जातो,
आतल्या चकत्यांना पत्ताही लागत नाही.

मोडतं ते कालच्यासारख्या दिवशी.
स्वच्छ ऊन. क्विन्सीचा चढ. कोरडं डांबर.
नवे टायर रस्त्याला दात रोवून बसलेले,
आणि तू पाय दाबतोस पार तळापर्यंत.
चाक सोडत नाही. इंजिन ऐकत नाही.
जोराला निसटायला फट नाही कुठे,
मग पिळवटतं ते
जे दोघांच्या मधे असतं.

(रविवारी तुझी आई कॉफी ओतताना म्हणाली,
पोरगा हल्ली फार कामात असतो गं.
मी म्हटलं, हो, असतो.
बँकेच्या कागदावर
जामीनदार म्हणून सही माझी आहे.)

कॅल्युमेटच्या भंगारातून दुसरं आणलंय.
एका म्हातारीच्या गाडीचं, हरणाला धडकलेल्या.
चर्च, दवाखाना, किराणा,
आणि बारा हिवाळे.
हाक पडली तेव्हा गेलं असेल धावून,
एरवी गप्प.
हे बसवते. तुझे घोडे मात्र
निम्म्यावर आणायचे, आजच, माझ्यासमोर.
तोंड पाडू नकोस.

आणि परत विचारलंस किती, तर खरं सांगू?
मला माहीत नाही.
तीस वर्षं गाड्यांखाली काढली,
आधी कधीच कळलं नाही.
आधी वास येतो,
मग कळतं.

पाना दे. तेरा नंबरचा.
तो नाही. त्याच्या शेजारचा.