मोटर पाणी धरत नाही

आधी दोन बादल्या ओतायच्या पंपाच्या नरड्यात.
पाणी मागायचं तर पहिल्यांदा पाणी द्यावं लागतं,
चिमणनाना सांगायचे, आणि वर एक शिवी.
मग बटण. मग हवेचा कोरडा खोकला.
पाइप फुगतो, जमिनीवरून जरासा उचलला जातो
आणि मी ओरडतो, धरलं!
टँकरवर उभ्या खाजाला ते कळलेलंच असतं
अंगावर उडालेल्या पहिल्या गार पिचकारीनं.

पिसोळीच्या ओढ्याकाठची विहीर, सव्वीस पायऱ्या.
दहा हजारी गाडी भरते अठरा मिनिटांत.
तेवढ्यात खाजा डबा खातो,
नाहीतर उदगीरला फोन लावून पोरीकडून पाढे म्हणून घेतो,
सतरापाशी दोघंही अडतात.
मी वहीत काडी मारतो. पाचवी काडी आडवी.

समोरच्या टेकडीवर चौदा मजले दिवे.
तिथं कुणीतरी आत्ता तोंडाला साबण लावून
डोळे मिटून उभं असेल
आणि नळ नुसता फुस्स करत असेल.
मला त्यांचा राग येत नाही. साबण डोळ्यात जातो, कुणाच्याही.

एकोणिसाव्या पायरीवर नानांनी छिन्नीनं
एक वाकडी चांदणी कोरलीय.
चांदणी उघडी पडली की बंद.
मग मालक येवो, मांडवाची गाडी येवो.
नाना शिमग्यात गेले. धाकट्या मालकानं
मोटरला सिमकार्ड बसवलं.
आता कोंढव्यात गादीवर लोळत तो विहीर चालू करतो.

आज पावणेदोनला बॅटरी मारली आत.
चांदणी ओली, नुकती न्हालेली.
मी बंद केली. रांगेत सात गाड्या, सगळ्यांचे हॉर्न.
दोन मिनिटांनी मोटर आपली आपणच सुरू.
पुन्हा बंद. पुन्हा सुरू.
तेव्हा मी पान्यानं पंपाच्या डोक्यावरचा नट
दीड आटा सैल केला.
सुईएवढी हवा पुरते. पाइप मेल्यासारखा पडला.

फोन आलाच. म्हटलं, मालक, मोटर पाणी धरत नाही.
काय झालं?
वॉशर गेला असेल. सकाळी बघतो.
अकरा वर्षांत त्यांच्याशी पहिलं खोटं,
आणि जीभ जराही अडखळली नाही.

खाजाची गाडी अर्धीच. त्याची खेप बुडाली.
तो उतरला, नटाकडे बघितलं, माझ्या हातातल्या पान्याकडे,
मग आत वाकून चांदणीकडे.
काही बोलला नाही. तंबाखू मळली, मलाही दिली,
आणि मागच्या गाड्यांना जाऊन सांगून आला,
खराब है, जाव.

हेडलाइट एकेक करून वळले.
मग ऐकू आलं. पूर्वेच्या कपारीतून,
कुणी झोपेत पुटपुटावं तसं,
थांबत, विसरत, परत सुरू.
एवढं बारीक, की मोटर चालू असताना
असतं का नसतं कोण सांगणार.

बादल्या दोन्ही भरून ठेवल्यात.
वर गोणपाट टाकलंय. सकाळी लागतील.