कुकू

निकाल लागला म्हणजे पैसे आले, असं होत नाही.
कागदाला पाय नसतात. त्याचे पाय मी,
कुक्सहाफनच्या धक्क्यामागच्या गल्लीत,
समुद्राचा वारा तोंडावर घेत,
बॅगेत चिकटशिक्क्यांची पट्टी.

शिक्क्यावर सरकारी गरुड असायचा म्हणे.
लोकांना तो कधी गरुड वाटलाच नाही.
ते त्याला कुकू म्हणतात,
परक्या घरट्यात अंडं घालणारा पक्षी.
मी तो कपाटाच्या कपाळी लावते
आणि कपाट जागच्या जागी परकं होतं.

एनो टीट्येननं मोज्यांवरच दार उघडलं.
"गेझिना हार्म्स, न्यायालयाकडून.
दोन हजार तीनशे चाळीस युरो मुद्दल,
व्याज वेगळं, माझ्या फेऱ्यांचा खर्च वेगळा."
"या," म्हणाला, "पायपुसणं ओलं आहे, जपून."

पलंग घेता येत नाही. शेगडीही.
टीव्हीला कुणी बारा युरो देणार नाही.
खुर्चीत अकॉर्डियन, लाल,
एक पांढरी पट्टी दातासारखी पिवळी.
"हे पोटापाण्याचं साधन आहे?"
कायदा विचारतो, म्हणून मी विचारलं.
हो म्हणाला असता तर पुढे गेले असते.
तो आपल्या बोटांकडे बघत राहिला.
"होतं," म्हणाला.

इतकं खरं कुणी बोलू नये माझ्यासमोर.
मी पट्टीवरचा एक कुकू सोलला.

बाहेर पाऊस कौलं बडवत होता.
आत एक थेंब नाही.
हेच ते छप्पर. वादळानंतर वोलर्सनं नवं घातलं,
बिल पाठवलं, आणि मार्चमध्ये गेला.
त्याच्या येण्याखाली आम्ही दोघं कोरडे उभे.
छपराला कुकू लागत नाही.

निघताना कॉफीच्या डब्यातून
त्यानं चाळीस युरो काढले, घड्या उलगडून दिले.
मी पावती फाडली.
आधी खर्च, मग व्याज, मुद्दल शेवटी.
चाळीस माझ्या फेऱ्यांतच संपले.
हे त्याला सांगितलं. सांगावं लागतं.

संध्याकाळी इल्झे वोलर्सचा फोन.
अकॉर्डियनचं बोलले: लिलावात तीनशे, फार तर.
बराच वेळ नुसती तिची किटली ऐकू येत होती.
मग, "गळतं का हो कुठे?"
"नाही."
"काम चोख करायचा," ती म्हणाली.
"पैसे मात्र सोडू नका."