उलटा ठसा

दिवाळे गावात, जेट्टीमागच्या शेडमध्ये
रीगाहून आलेल्या वेल्टाबाईंचा छापखाना.
कोळणी म्हणत, येलताय.
प्रेसचा रूळ मीच आणला,
तुर्भ्याच्या बंद कारखान्यातून,
टेम्पोभाडं धरून चार हजार.
आम्लाच्या वासाला सुकटीचा वास
पहिल्याच दिवशी पुरून उरला.

मराठी त्या उलटीकडून शिकल्या.
जस्तावर 'घर' कोरायचं
तर आधी र, मग घ,
तेही पाठमोरे.
दुकानाची पाटी वाचताना अडखळत;
रिक्षाच्या आरशात दिसली
की घडाघडा.

परत कधी जाणार, एकदा विचारलं.
पत्रा पुसता पुसता म्हणाल्या,
शाई सगळीकडे फासतो आपण, भोईर,
मग पुसत बसतो.
खाचेत राहील
ती आपली.

तेवीस पावसाळे.
प्रती पुऱ्या झाल्या की पत्र्यावर
आडवी रेघ ओढायची,
पुन्हा कुणी छापू नये म्हणून.
ते काम माझं.

शेवटच्या पत्र्यावर दोन होड्या, ओहोटी,
आणि कोपऱ्यात माझं नाव.
सरळ कोरलेलं.
छापलं तर उलटं येईल.

इतक्या वर्षांनी चुकल्या कशा,
विचारायचं राहिलं.

पत्रा खिडकीत ठेवलाय.
रेघ अजून ओढली नाही.