सव्वाचार वाजता

दाराची कडी इतकी गार
की बोटं तिला चिकटतील असं वाटलं.
आतच उभा राहिलो, मफलर कानाभोवती दोनदा फिरवून:
आज सायकल, की नको?

प्रफुल झोपलाय. त्याच्या गाडीची किल्ली टीव्हीवर आहे.
‘उठवा मला, सोडून देतो,’ म्हणाला होता रात्री,
पण रात्रीचं बोलणं अन् पहाटेची गोधडी
यांची ओळख नसते.
बस साडेपाचला. ऑटोवाला या वेळी
मानकापूर ते सेमिनरी हिल्स दीडशे मागतो,
वरून म्हणतो, काका, थंडी पाहून राहिले ना?

पाहून राहिलो बाबा.
गजघाटेनं परवा पेपर वाचून दाखवला, पारा सहावर.
इथं बर्फ पडत नाही, एवढं मला समजतं.
बर्फ मी पाहिला तो लग्नाच्या मांडवामागे,
भुसा लागलेल्या लाद्या, पोत्यावर सोट्यानं फोडलेल्या.
पण मागच्या जानेवारीत जपानी गार्डनच्या उतारावर
दवानं भिजलेला पाला होता, मी ब्रेक दाबला,
आणि डांबराची काच झाली.
गुडघा अजून ती तारीख धरून बसलाय.
चावी, म्हणजे वॉल्व फिरवायची, चार फुटी,
घरंगळत कुठल्या कुठं गेली,
अंधारात तिचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला.
आधी तिला शोधलं. मग चप्पल.

त्या दिवशी पाणी बावीस मिनिटं उशिरा सुटलं.
कोणी बोललं नाही. फक्त एका घरची पोरगी
आंघोळीवाचून परीक्षेला गेली.
तिच्या आजोबांनीच सांगितलं, हसत.
मला हसता आलं नाही.

‘अकरा महिने राहिले रिटायरला,’ पुष्पकला म्हणाली रात्री,
‘काऊन जीव घालून राहिले त्या सायकलीवर?
पडले तर मी येणार नाही दवाखान्यात, आधीच सांगते.’
मी भिंतीकडे तोंड केलं.
तिनं आपले पाय माझ्या पोटऱ्यांना लावले.
नागपुरात बर्फ असलाच तर तो तिथं.

हातमोजे नाहीत. स्वेटरच्या बाह्या ओढून
मुठी आत घेता येतात, पण मग घंटी वाजत नाही.
वाजवायची तरी कोणासाठी? रस्त्यावर कुत्रे, धुकं,
अधिवेशनासाठी आणून ठेवलेले लोखंडी कठडे
आणि त्यांच्याजवळ शेकोटी करून बसलेले
दोन परगावचे शिपाई.
काल एकानं विचारलं, रोज एवढ्या लवकर?
म्हटलं, पाणी सोडतो.
‘आमच्याकडं आठवड्यातनं एकदा येतंय,’ म्हणाला,
आणि सरकून शेकोटीपाशी जागा केली.

चालत गेलो तर? पन्नास मिनिटं.
हिशेब केला, पुन्हा केला.
हिशेबानं अंग गरम होत नाही.

कडी काढली.
अंगणात सगळं ओलं: दोरीवरचा टॉवेल,
प्रफुलची गाडी, पेरूची पानं, हँडल.
सीटला हात लावला
तर हात कोरडा.
साडीच्या दुकानाची पिशवी, उलटी करून,
खाली सुतळीनं करकचून बांधलेली.
मी बांधली नव्हती.

वळून आत पाहिलं. गोधडी हलली नाही.
झोपलेल्या माणसाची गोधडी
इतकी न हलता राहत नाही.

पिशवी घडी करून खिशात घातली.
चावी दांड्याला बांधली, दोन गाठी जास्त.
मागच्या चाकातली जराशी हवा सोडली,
ओल्यात टायर मऊ बरा, हे गजघाटेचं.
उतार आला की उतरायचं, हे मोठ्यानं म्हटलं,
आत ऐकू जाईल इतपत.

टीव्ही टॉवरचा लाल दिवा धुक्यात दिसत नव्हता.
तो कुठं असतो ते मला माहीत आहे.
पहिल्या पायडलला गुडघा कुरकुरला,
दुसऱ्याला चेन.
तिसऱ्याला कोणीच काही बोललं नाही.