बर्फवाल्यांची टीम

पगारी टीम. भुसावळात हा शब्द
तोवर फक्त रेल्वेलाच शोभायचा.
फिरकेशेटनं आइस फॅक्टरीच्या वहीत
एक नवा रकाना पाडला, वर लिहिलं: हॉकी.
अकरा जण, अधिक तीन.
महिना नऊशे, आणि सामना जिंकला
तर घरी पाव लादी, पोत्यात गुंडाळून.

मी गोली.
रात्री अमोनियाच्या पंपावर, सकाळी ग्राउंडवर.
माझ्या पॅडांना तोच वास.
समोरचा फॉरवर्ड डीमध्ये शिरला
की मारण्याआधी शिंकायचा.
ही माझी निम्मी कला.

अमळनेरला तीन-एक.
नंदुरबारला बरोबरी; तिथं जाळीच नव्हती,
बाभळीत गेलेला चेंडू शोधता शोधता
मध्यंतर संपलं.
डिसेंबरात बऱ्हाणपूरला पाच खाल्ले.
परतीच्या पॅसेंजरमध्ये कोणी बोललं नाही.
डेन्झिल रोझारिओनं रावेरपासून सावद्यापर्यंत
काठीला टेप गुंडाळली,
सोडली,
पुन्हा गुंडाळली.

डेन्झिल सेंटर हाफ, लोको शेडचा रिटायर माणूस.
रज्जाक तडवी लेफ्ट आउट, पालचा,
सातपुड्याच्या उतारावर शेळ्यांमागे तयार झालेला.
सपाट मैदानातसुद्धा तो
अंग मागे टाकून पळायचा,
पुढं उतार असल्यासारखा.

"काय रे भो, बर्फावर खेळता का तुम्ही?"
गावोगाव हाच विनोद.
मग डेन्झिलच्या बहिणीचं कॅनडाहून कॅलेंडर आलं.
खरंच बर्फ. खरंच हॉकी. पायात सुऱ्या.
आम्ही ते डब्यांच्या खोलीत टांगलं.
रज्जाक कितीतरी वेळ बघत राहिला.
"पडत नाहीत का हे?"
"पडतात," डेन्झिल म्हणाला. "त्याचेच पैसे."

एप्रिलात दोन सीझन एकमेकांवर आदळले,
लग्नसराईचा आणि आमचा.
फायनल जळगावला, नेमकी आखाजीला.
गावोगाव झोके बांधलेले, माहेरवाशिणी आलेल्या,
आणि पारा चव्वेचाळीसवर.
लाद्यांचा ट्रक तिकडेच चालला होता,
आम्ही लाद्यांवर बसून गेलो.
शेट म्हणाला, वजन कमी भरलं तर तुमच्यातून कापीन.

एक-एक.
मध्यंतरात मी ग्लोव्हज काढून
दोन्ही हात लादीवर दाबून धरले.
तळव्यांची आग गेली, मग बोटं गेली.
शेवटची मिनिटं. त्यांना पेनल्टी कॉर्नर.
फटका मला दिसला, एवढं नक्की.
मग काहीच नाही.
गेला, असं समजून
मी मागं वळून जाळीत पाहिलं.
जाळी रिकामी.
चेंडू माझ्या हाताला लागून पायाशी पडला होता,
आणि हे कळणारा मैदानात मी शेवटचा.
त्यांच्या पोरानं तो
अगदी अदबीनं,
पाहुण्याला आधी आत सोडावं तसा
आत ढकलला.

शेट चिडला नाही. वहीत बेरीज केली, रकाना मिटला.
ट्रकात एक लादी उरली होती,
ती टोच्यानं फोडून वाटली, हरलेलो असून.
डेन्झिलनं आपला वाटा तिथंच
गुडघ्याला बांधला.
रज्जाकनं पोत्यात घेतला, वर टॉवेल,
आणि रावेरची एसटी धरली.
तिथून पुढं पालची गाडी. घरी धाकटी वाट बघत होती,
सगळा सीझन तिला बर्फ दाखवायचा राहिला होता.

आठवड्यानं हिशोबाला आला तेव्हा मी विचारलं,
पोचला का रे?
तो पैसे मोजत होता.
मोजून झाले, खिशात गेले.
मग म्हणाला,
"पोतं गार होतं, भो."