दोन घरचा पाहुणा

बालकल्याणच्या फायलीत त्याचं नाव जमारी.
समोरच्या इमारतीत, बालन्यायालयात, जमारे.
एका अक्षराचा फरक.
संगणकाला ती दोन मुलं वाटली,
आणि आम्हालाही, तीन वर्षं.

पहिल्याला वाचवायचं होतं.
दुसऱ्याला वठणीवर आणायचं होतं.
पहिल्याच्या पानांत एक मोडलेलं मनगट,
सहा घरं, सात शाळा.
दुसऱ्याच्या पानांत एक खिडकी, एक सायकल
आणि 'निवासातून पळाला', चार वेळा.
कुठे पळाला, याला रकानाच नव्हता.

मला सापडलं तेही चुकून.
डिसेंबरात दोन्हीकडच्या तारखा
एकाच मंगळवारी, एकाच दहा वाजता पडल्या
आणि तो कुठेच हजर नव्हता.
मधल्या बसस्टॉपवर बसला होता,
मॉमी नावाच्या नदीवरचं वारं खात,
दोन्ही समन्स घडी करून मोज्यात.
"कुठेही गेलो तरी दुसरीकडे चुकणारच ना?"

दोन घरचा पाहुणा उपाशी, मला आठवलं.
इंग्रजीत सांगू गेले तर
ती नुसतीच जेवणाची गोष्ट झाली.
मग तेच विचारलं: उपाशी आहेस?
हो, म्हणाला.

आता दर गुरुवारी एक टेबल.
बालकल्याणच्या कोवाल्चिकबाई, प्रोबेशनचे ऑडली,
आणि शाळेच्या मिस टिबॉर, ज्यांना आजवर
कुणी बोलावलंच नव्हतं.
पहिल्या दिवशी त्यांनी एकमेकांना कार्डं दिली,
अठरा वर्षं एकाच आवारात
गाड्या लावणाऱ्या माणसांनी.
गोपनीयतेच्या फॉर्मवर दीड तास गेला.
मग मिस टिबॉरनी सहज विचारलं,
पळून तू जातोस कुठे रे?

"फाइंडलेला. बहिणीला ठेवलंय तिथे.
रविवारी तिच्या वेण्या घालायच्या असतात.
दुसऱ्या कुणी घातल्या की रडते."

ऑडलींनी पेन खाली ठेवलं.
मग उचललं. नियम आहे, म्हणाले.
कोवाल्चिकबाई म्हणाल्या, रविवारी गाडी मी काढते.
पेट्रोल कुणाच्या खात्यातून
याचं पत्र अजून आलेलं नाही.

फायली अजून दोनच आहेत.
मी त्यांना रबरबँड लावलाय.
नाव तरी एक करू म्हणून
कागद त्याच्यापुढे सरकवला,
तू स्वतः कसं लिहितोस, लिही.

त्यानं तिसरंच लिहिलं.